साठीनंतर बुद्धी 'नाठी' होते ती कोणाची?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की तिच्यात एक विधान केलेले आहे आणि ते तपासून पाहता येण्याजोगे आहे, याची जाणीवच आपल्याला उरलेली नाही. घरातल्या वृद्ध माणसाने एकच प्रश्न दोनदा विचारला, चष्मा ठेवला कुठे हे त्याला आठवले नाही, की ही म्हण उच्चारून आपण मोकळे होतो. 'म्हातारचळ' हा शब्दही त्याच कुळातला. केस पिकावेत, दात पडावेत, तशी बुद्धीही झडावी. हा निसर्गक्रमच असल्यामुळे त्यात कोणाचा दोष नाही आणि म्हणून कोणाचे कर्तव्यही नाही, असा या म्हणीचा गर्भितार्थ आहे. प्रस्तुत लेखात हरकत घ्यावयाची आहे ती या गर्भितार्थाला. वार्धक्यात बुद्धीचा वेग काहीसा मंदावतो हे खरे. परंतु तो कोणाचा किती मंदावतो, कोणाची बुद्धी अखेरपर्यंत टिकते आणि कोणाची पार हरपते, हे केवळ वयावर ठरत नाही. लहानपणी शाळा मिळाली की नाही, रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळाली की नाही, कानाने ऐकू येते की नाही, बोलावयास कोणी आहे की नाही, यांवरही ते ठरते. आणि या गोष्टी आपल्या समाजात कधीच समप्रमाणात वाटल्या गेलेल्या नाहीत. हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहेच. पण तो वाटपाचाही आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयावर लेखणी उचलावी, याचे समर्थन एवढेच.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नाव चटकन न आठवणे, नवी गोष्ट शिकण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागणे, हे वयाबरोबर येणारे स्वाभाविक फेरफार होत. स्मृतिभ्रंश ही गोष्ट निराळी. रोजच्या वाटेने घरी परतता न येणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रम विसरणे, अशा रीतीने जेव्हा दैनंदिन जीवनच कोलमडू लागते, तेव्हा तो मेंदूच्या आजाराचा परिणाम असतो. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका रुग्णस्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन विद्वत्सभेपुढे मांडले, आणि पुढे त्या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळेही स्मृतिभ्रंश होतो, आणि पुष्कळदा ही दोन्ही कारणे एकाच मेंदूत एकत्र नांदतात. साठीला बुद्धी 'नाठी' होते असे मानणारा समाज या आजाराला आजार म्हणून ओळखतच नाही, आणि जो ओळखलाच नाही त्याचा प्रतिबंध तो कसा करणार?

आता प्रश्नाचा आकार पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. २०५० साली ती सुमारे पस्तीस कोटींच्या घरात, म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक अशी होईल, असा अंदाज आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२ हजार भारतीयांची विस्तृत पाहणी केली. त्यांतील साठीपुढील चार हजारांहून अधिक व्यक्तींची पुढे बौद्धिक क्षमतेच्या दृष्टीने बारकाईने तपासणी झाली. तिच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशग्रस्त असाव्यात. परंतु या सरासरीपेक्षा तिच्या पोटातील विषमता अधिक बोलकी आहे. पुरुषांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत, तर स्त्रियांत सुमारे नऊ टक्के; शहरांत पाच टक्क्यांच्या किंचित वर, तर ग्रामीण भागात आठ टक्क्यांच्या वर. अल्पशिक्षितांत अधिक, सुशिक्षितांत कमी. साठी सर्वांनाच येते. पण बुद्धी 'नाठी' होण्याचा धोका मात्र खेड्यातल्या निरक्षर स्त्रीला सर्वांत जास्त.

शाळेचे न फिटलेले ऋण

असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आजच्या वृद्धांच्या बालपणाकडे पाहावे लागते. आज जी स्त्री पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, तिचा जन्म १९५० च्या सुमाराचा. १९५१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांपैकी जेमतेम नऊ टक्के साक्षर होत्या. १९६१ साली पंधरा टक्के आणि १९७१ साली बावीस टक्के. म्हणजे आजच्या आजीबाई शाळेत जाण्याच्या वयाच्या होत्या, तेव्हा त्यांच्या पिढीतील बहुसंख्य मुली शेण गोळा करीत होत्या, पाणी आणीत होत्या किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन त्याच्याऐवजी स्वतः घरी थांबत होत्या. त्या काळी समाजाने जी बचत केली, तिचे व्याज आज त्यांचे मेंदू भरीत आहेत.

हे विधान अलंकारिक वाटेल, पण त्यास आधार आहे. १९८८ साली अमेरिकेतील रॉबर्ट काट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शवविच्छेदनात असे काही वृद्ध आढळले, की ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या विकृतीची सर्व चिन्हे होती, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. यातून 'बौद्धिक राखीव साठा' ही कल्पना पुढे आली. शिक्षण, बुद्धीला चालना देणारे काम, वाचन, चर्चा यांनी मेंदूत एक गंगाजळी साठते. पुढे आजाराने खर्च वाढला तरी ही गंगाजळी असलेल्याचे दिवाळे उशिरा निघते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावच्या रहिवाशांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. त्यावर आधारलेल्या २०१६ सालच्या निबंधात असे दिसून आले, की १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील तीन दशकांत तेथे नव्याने स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण दर दशकाला सुमारे वीस टक्क्यांनी घटत गेले. एकाच वयाच्या माणसांत हे प्रमाण घटू शकते, एवढ्या एका गोष्टीनेच आपली म्हण खोटी ठरते. मात्र या घटीचा लाभ मिळाला तो निदान माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्यांनाच. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती, त्यांच्या वाट्याला तो आला नाही.

आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांचा 'मानवी भांडवला'चा सिद्धांत शिकवतो. शिक्षणावर केलेला खर्च ही गुंतवणूक होय, आणि तिचा परतावा अधिक मिळकतीच्या रूपाने मिळतो, असे त्याचे सार. परंतु हा परतावा मोजताना आम्ही माणसाच्या निवृत्तीच्या वर्षाशी रेघ ओढून थांबतो. शाळेतील चार इयत्तांचा लाभ ऐंशीव्या वर्षी शाबूत राहिलेल्या बुद्धीच्या रूपाने मिळू शकतो, ही रक्कम आमच्या हिशेबात कधी धरलीच जात नाही. ती धरली, तर मुलींच्या शिक्षणावरील खर्च आज दिसतो त्याहून कितीतरी अधिक किफायतशीर ठरेल. बालविवाहामुळे आठवीतून शाळा सुटणारी आजची मुलगी ही २०८० सालची निराधार वृद्धा असेल, हेही मग ध्यानात येईल.

मोजपट्टीच चुकीची असेल तर?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. निरक्षर वृद्धांत स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, तो खरोखर अधिक असतो म्हणून, की तो मोजण्याची पट्टीच साक्षरांसाठी बनवलेली असते म्हणून? बौद्धिक तपासणीची जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात सात वजा करावयास सांगतात, एक इंग्रजी शब्द उलट क्रमाने अक्षरे सांगून म्हणावयास लावतात, कागदावरची सूचना वाचून तसे करावयास आणि एक वाक्य लिहावयास सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या निरक्षर शेतकरणीला हे प्रश्न विचारले, तर ती नापास होईल. आणि त्यावरून तिची बुद्धी गेली असे ठरवणे, हे पोहता न येणाऱ्याला लंगडा ठरवण्यासारखे होईल. तिला जुलैची तारीख ठाऊक नसेल, पण आषाढी एकादशी होऊन किती दिवस झाले, अमावास्या कधी, आठवड्याचा बाजार परवा की तेरवा, कोणत्या नातीचे लग्न कोणत्या दुष्काळाच्या साली झाले, हे ती बिनचूक सांगेल.

ही अडचण दूर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतातच झाला. हरियाणातील बल्लभगड परिसरातील खेड्यांत १९९० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी त्या प्रश्नावलीची हिंदी आवृत्ती सिद्ध केली. ती नुसते भाषांतर नव्हती. वाक्य लिहिण्याऐवजी 'आपल्या घराविषयी काही सांगा' असे विचारले गेले. सूचना वाचण्याऐवजी 'माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे सांगितले गेले. शब्दाची अक्षरे उलटी म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास लावले. मुद्दा असा, की वृद्ध म्हणजे एकाच साच्यातील माणसे नव्हेत. निवृत्त मुख्याध्यापक, गिरणीतून बाहेर फेकला गेलेला कामगार, मेळघाटातील कोरकू म्हातारा, मुले ऊसतोडीला गेल्यावर नातवंडे सांभाळीत गावी राहिलेली बीड जिल्ह्यातील आजी, मुंबईकर मुलांची वाट पाहत कोकणातल्या मोठ्या घरात एकटेच राहणारे दांपत्य, या साऱ्यांची बुद्धी एकाच प्रश्नपत्रिकेने तपासणे आणि एकाच उपदेशाने जपणे शक्य नाही. प्रश्नावली कितीही सुधारली तरी निरक्षर वृद्धांच्या बाबतीतील तफावत पूर्णपणे मिटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे दोष अंशतः पट्टीचा आहे आणि अंशतः खरोखरीच्या वंचनेचा.

बहुभाषिकतेची मिळकत

आपल्याकडील सामान्य माणूस मात्र अगदीच रिकाम्या हाती आलेला नाही. हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली असे दाखवून दिले, की ज्यांना दोन वा अधिक भाषा बोलता येत होत्या, त्यांच्यात आजाराची लक्षणे एकभाषिकांच्या तुलनेने सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली. विशेष असे, की हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला; म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. इतर देशांतील सर्व अभ्यास या निष्कर्षाशी एकमुखाने सहमत आहेत असे नाही. तथापि हैदराबादेत तेलुगू, उर्दू आणि हिंदी दिवसभर आलटून पालटून बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूला जो व्यायाम घडतो, तोच सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या विणकराला, बेळगावच्या व्यापाऱ्याला आणि मराठी वाचून कोंकणी बोलणाऱ्या गोमंतकीयालाही घडत असला पाहिजे, असा तर्क करण्यास हरकत नाही. आजीच्या तोंडची अहिराणी किंवा मालवणी 'अशुद्ध' म्हणून तिला गप्प करणाऱ्या सुशिक्षित घरांनी याचा विचार करावा. नातवंडांशी तिच्या बोलीत बोलणे हा संस्कृतिरक्षणाचा भाग आहेच. कदाचित तो आरोग्यरक्षणाचाही असेल.

महाग औषधे आणि स्वस्त उपाय

स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध आजमितीस जगात नाही. अल्झायमरची वाटचाल काहीशी मंदावणारी नवी औषधे अलीकडे निघाली आहेत. त्यांपैकी लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. त्याची तेथील जाहीर किंमत मात्र वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. त्याखेरीज मेंदूच्या वारंवार तपासण्या लागतात, त्या वेगळ्याच. ज्या देशात तालुक्याच्या गावी मेंदूविकारतज्ज्ञ मिळत नाही, तेथे या मार्गाने बहुसंख्यांची बुद्धी राखता येईल, असे मानणे म्हणजे मृगजळामागे धावणे होय.

याउलट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली असा निर्वाळा दिला, की चौदा टाळता येण्याजोग्या कारणांचे पूर्ण निवारण झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबणीवर टाकता येईल. ही चौदा कारणे अशी: बालपणी अपुरे शिक्षण, बहिरेपण, कोलेस्टेरॉलचे आधिक्य, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, स्थूलता, नैराश्य, व्यायामाचा अभाव, डोक्याला इजा, अतिमद्यपान, एकाकीपणा, दूषित हवा आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष. ४५ टक्के हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. सर्व कारणे पूर्णपणे दूर होतील असे कोणत्याही देशात घडणार नाही, आणि यांतील प्रत्येक संबंध सारखाच सिद्ध झालेला आहे असेही नाही. तरीही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. यातले बहुतेक उपाय मोठ्या रुग्णालयाच्या नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहेत.

रक्तदाबाचेच उदाहरण घ्या. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे फलित २०२५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या खेड्यांत मोठी पदवी नसलेल्या ग्रामवैद्यांना प्रशिक्षण दिले, स्वस्त वा मोफत गोळ्या पुरवल्या आणि रुग्णांचा रक्तदाब नेटाने खाली आणला. चार वर्षांत त्या खेड्यांतील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांच्या तुलनेने १५ टक्क्यांनी कमी झाले. तज्ज्ञ नाही, शहर नाही, यंत्र नाही. गावचा माणूस, हाताला बांधावयाचा पट्टा आणि गोळ्या, एवढ्यावर हे साधले. आपल्याकडे आशा कार्यकर्त्यांचे जाळे आहे, आरोग्य उपकेंद्रे आहेत. उणीव असते ती गोळ्यांचा पुरवठा बाराही महिने चालू राहण्याची, आणि बरे वाटले तरी गोळी सोडू नये हे रुग्णाला समजावून सांगणाऱ्या माणसाची.

बहिरेपणाची गोष्टही अशीच. ज्याला ऐकू येत नाही, तो हळूहळू बैठकीतून उठतो, मग ओसरीवरून आत जातो आणि शेवटी कोपऱ्यातल्या खाटेवर एकटा पडतो. आपण म्हणतो, म्हाताऱ्याला समजत नाही. वस्तुतः त्याला ऐकू येत नसते. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या ९७७ वृद्धांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्रवणयंत्राचा सरसकट सर्वांना लाभ दिसला नाही. परंतु ज्यांचा धोका मुळातच अधिक होता, त्या गटात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी इत्यादी साधनांसाठी पासष्ट वर्षांवरील गरजूंना एकरकमी तीन हजार रुपये देण्याची तरतूद झाली. हेतू स्तुत्य आहे. पण खात्यावर रक्कम जमा झाली म्हणजे कानात यंत्र बसले, असे होत नाही. कान तपासणारा, यंत्र जुळवून देणारा, दोन महिन्यांनी बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात असावा लागतो. नाहीतर यंत्र कपाटात आणि म्हातारा कोपऱ्यात, हा क्रम चालूच राहील.

सुस्थित मध्यमवर्गाला या विषयाची जाग आली आहे. पण ती शब्दकोडी, 'मेंदूचे व्यायाम' आणि स्मरणशक्तीच्या औषधांच्या जाहिराती यांकडे वळली आहे. अमेरिकेत सुमारे अठ्ठावीसशे वृद्धांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की ज्या कौशल्याचा सराव करावा, मुख्यतः तेच सुधारते. शब्दकोडे सोडवणारा शब्दकोड्यात तरबेज होतो. त्यात आनंद जरूर आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालच्या मार्गदर्शिकेत, स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी त्यांची शिफारस करू नये, असे स्पष्टच बजावले आहे. त्या पैशांत आठवडाभराची फळे-भाजी आणि रक्तदाबाची गोळी येईल.

पैसा की सोबत?

वृद्धांना पैसा दिला तर त्यांची बुद्धी अधिक टिकेल काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही तपासला आहे, आणि त्यांना मिळालेली दोन उत्तरे एकमेकांविरुद्ध आहेत. मेक्सिकोतील युकातान प्रांतात सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना दरमहा निवृत्तिवेतन दिले असता त्यांची स्मरणशक्ती सुधारली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अन्न आणि औषधे घेण्याची ऐपत वाढली, हे त्याचे उघड कारण. उलट चीनमध्ये २००९ पासून अमलात आलेल्या ग्रामीण निवृत्तिवेतन योजनेच्या अभ्यासात असे दिसले, की लाभधारकांची शारीरिक प्रकृती काही बाबतींत सुधारली, पण स्मरणशक्ती मात्र घसरली, आणि ती स्त्रियांची अधिक. संशोधकांनी दिलेले कारण असे, की कामाबरोबर माणसांत मिसळणेही सुटले. युरोप-अमेरिकेतील आकड्यांवरून रोहवेडर आणि विलिस या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली 'बौद्धिक निवृत्ती'ची कल्पना मांडली होती. लवकर निवृत्त होणाऱ्या देशांत साठीतल्या माणसांची स्मरणशक्तीही लवकर उतरते, असे त्यांना दिसले होते.

या दोन उत्तरांत मला विसंगती दिसत नाही. उपाशी माणसाला आधी पैसा हवा. पोट भरल्यावर त्याला सोबत आणि काम हवे. आपल्याकडील कोट्यवधी वृद्ध अजून पहिल्याच पायरीवर आहेत. केंद्र शासनाच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील ऐंशी वर्षांखालील लाभार्थ्यांसाठीचा केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता, आणि २०२४ सालीही तो तेवढाच होता. या काळात डाळीचा भाव किती पटींनी वाढला, हे वाचकांना सांगावयास नको. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ साली ही रक्कम १,५०० रुपयांवर नेली, हे स्वागतार्ह. पण महागाईशी ती जोडली नाही, तर हीही रक्कम हळूहळू वितळेल. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून लागू झालेला पाच लाखांचा आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. रोजच्या गोळीसाठी, चष्म्यासाठी वा श्रवणयंत्रासाठी नाही. म्हणजे पक्षाघात झाल्यावर लाखो रुपये द्यावयास आपण तयार आहोत, तो टाळणाऱ्या गोळीसाठी मात्र रुग्णाच्याच खिशाकडे बोट दाखवतो.

दुसऱ्या पायरीवर जे आहेत, त्या निवृत्त कारकून-शिक्षकांची व्यथा वेगळी. त्यांच्याकडे निवृत्तिवेतन आहे. पण अठ्ठावनाव्या वा साठाव्या वर्षी एका संध्याकाळी हारतुरे घेऊन घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यांची कोणाला गरज नसते. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावयाचा, एवढाच त्यांचा जगाशी उरलेला व्यवहार. त्यातही आता यंत्रावर अंगठ्याचा ठसा जुळत नाही आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक आकडा वेळेत टाकता येत नाही. गडबडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून खिडकीमागचा तरुण कर्मचारी मनातल्या मनात तीच म्हण उच्चारतो.

सांभाळणाऱ्या बाईचा हिशेब

या आजाराचा सर्वांत मोठा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो बहुधा सुनेच्या, लेकीच्या वा पत्नीच्या अंगावर पडतो. रात्री दहादा उठणाऱ्या, दार उघडून बाहेर पडणाऱ्या, सुनेवरच चोरीचा आळ घेणाऱ्या रुग्णाला सांभाळणे, हे काम किती कठीण आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात जातात, तर त्यात सहभागी होणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे, असे आढळले. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात आला, की हा तराजू आणखी कलतो. नोकरी सोडावी लागते ती तिलाच; आणि नोकरी सोडून, माणसांपासून तुटून, स्वतःच्या रक्तदाबाकडे दुर्लक्ष करून जी स्त्री दहा वर्षे रुग्णाला सांभाळते, ती पुढल्या पिढीची रुग्ण होण्याच्या वाटेला लागते. 'एकत्र कुटुंबपद्धती असल्याने आपल्याला हा प्रश्न नाही' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी त्या कुटुंबातील कोणाच्या झोपेवर ही पद्धती उभी आहे, तेही सांगावे.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत; ते एकत्र योजण्याची इच्छा हवी. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,२६० धोकाग्रस्त व्यक्तींवर आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख हे चारही उपाय दोन वर्षे एकत्र करून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, नुसता सल्ला दिलेल्यांपेक्षा या गटाची बौद्धिक कामगिरी अधिक सुधारली. त्यांचा आहार आणि व्यायामशाळा आपल्याला उचलता येणार नाहीत. पण तत्त्व उचलता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी ठरावीक वार असावा, त्या दिवशी रक्तदाब, साखर, कान आणि डोळे एकाच ठिकाणी तपासले जावेत आणि महिन्याच्या गोळ्या हातात पडाव्यात. स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणे ओळखण्याचे शिक्षण आशा कार्यकर्त्यांना मराठीतून, तिथी-वार-बाजाराच्या भाषेत मिळावे. या जादा कामाचा जादा मोबदलाही त्यांना मिळावा. निवृत्तिवेतन महागाई निर्देशांकाला बांधावे. रुग्णाला आठवड्यातून दोन दिवस तरी दिवसभर ठेवता येईल असे केंद्र तालुक्याला एक असावे, म्हणजे सांभाळणारीला श्वास घेता येईल.

आणि ज्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही, अशीही एक गोष्ट आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावात योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर-पाटी घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. या शाळेने त्यांचा स्मृतिभ्रंश टळेल असे सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा करण्याचे प्रयोजनही नाही. परंतु घराबाहेर पडणे, चालत जाणे, समवयस्कांत बसणे, नवे शिकणे आणि कोणीतरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव, या सगळ्या गोष्टी त्या एका खोलीत एकत्र आल्या. मोठमोठे आयोग याहून वेगळे काय सांगतात? गावोगावची वाचनालये, भजनी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांना हे करता येण्याजोगे आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनी मात्र आपली दारे पेन्शनदारांपुरती न ठेवता मोलकरीण, हमाल आणि शेतमजूर म्हाताऱ्यांसाठीही उघडली पाहिजेत. ज्यांना धोका अधिक, त्यांनाच आज त्या बागेतल्या बाकावर जागा नसते.

वृद्धांची बुद्धी ही त्यांची खाजगी मिळकत आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती कोणत्या गावात विहिरीला कुठे पाणी लागते, कोणत्या जमिनीवर कोणाचे काय हक्क होते, कोणते बियाणे दुष्काळात तगते, याची नोंदवही असते. आणि तिची दुसरी प्रत कोठेही नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना आपण बालपणी शाळा नाकारली, तरुणपणी रास्त मजुरी नाकारली, त्यांना निदान स्वतःच्या नातवंडांची नावे अखेरपर्यंत आठवावीत, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो. हे ऋण फेडण्याची ऐपत आपल्यापाशी आहे. म्हणीचा आडोसा सोडून ते मान्य करणे, ही पहिली पायरी.